नाण्यांची चहादाणी: बॉस्टनचा चांदीकारागीर पॉल रिव्हिअर

अठराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये बराच काळ बँकच नव्हती. मॅसॅच्युसेट्समधली पहिली बँक उघडली 1784 मध्ये. त्याआधी एखाद्या व्यापाऱ्याकडे चार पैसे साठले, तर ते ठेवायचे कुठे? नाण्यांची थैली घरात ठेवली आणि चोरीला गेली, तर हे नाणे आपलेच असे कोण सांगणार? म्हणून लोक नाणी घेऊन चांदीच्या कारागिराकडे जात आणि त्यांची चहादाणी, पेला किंवा डझनभर चमचे करून घेत. भांड्यावर घरच्यांची आद्याक्षरे, तळाशी कारागिराचा ठसा आणि वहीत वजन. चोरी झालीच तर वर्तमानपत्रात नेमके वर्णन छापता येई. अडचण आली तर तेच भांडे पुन्हा मुशीत टाकून पैसा मोकळा करता येई. दिवाणखान्यात मांडलेली ती शिल्लकच होती.

ही शिल्लक घडवणाऱ्यांत पॉल रिव्हिअरचे नाव आज सर्वांत मोठे आहे, पण ते भलत्याच कारणाने. 18 एप्रिल 1775 च्या रात्री त्याने घोड्यावरून बॉस्टनजवळचे लेक्सिंग्टन गाठले आणि अमेरिकन बंडखोरांना ब्रिटिश फौज निघाल्याची खबर दिली. पुढे काँकॉर्डच्या वाटेवर ब्रिटिश गस्तीने त्याला पकडलेही. 1860 मध्ये या स्वारीवर लिहिलेली एक कविता अमेरिकेतल्या पोरासोरांच्या तोंडी बसली आणि रिव्हिअर म्हणजे घोडेस्वार हे समीकरण पक्के झाले. त्या रात्री तो चाळिशीचा होता आणि त्याआधीची वीसेक वर्षे त्याच्या हातात लगाम कमी आणि हातोडी जास्त होती. स्वारीनंतरही तो 43 वर्षे जगला, आणि त्याच्या आयुष्यातली सर्वांत धाडसी उडी त्या उत्तरार्धातली आहे. हा लेख त्या कारागिराविषयी आहे.

वडिलांची उमेदवारी, मुलाचे दुकान

वडिलांचे मूळ नाव अपोलोस रिव्वार. फ्रान्समध्ये छळ सोसणाऱ्या ह्यूगेनॉ या प्रोटेस्टंट पंथातला हा मुलगा बोर्डोजवळच्या गावातून तेराव्या वर्षाच्या सुमारास बॉस्टनला आला आणि जॉन कोनी या नामांकित कारागिराकडे उमेदवार म्हणून राहिला. उमेदवारी म्हणजे कराराने बांधलेली नोकरी. साधारण तेरा-चौदाव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा उस्तादाच्या घरी राही, जेवे आणि काम करी. पगार नाही, बदल्यात विद्या. 1722 मध्ये कोनी वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत या मुलाच्या करारातला उरलेला काळही किंमत लावून नोंदवला गेला होता. मुलाने पैसे भरून तो सोडवून घेतला, नाव इंग्रजांच्या जिभेला पेलेल असे ‘पॉल रिव्हिअर’ केले आणि स्वतःचे दुकान मांडले.

त्याचा मुलगा, म्हणजे आपला रिव्हिअर, 1734 च्या अखेरीस बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात जन्मला. लिहिण्यावाचण्यापुरती शाळा झाली आणि तो वडिलांच्याच हाताखाली बसला. 1754 मध्ये वडील गेले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कायद्याने सज्ञान व्हायला दोन वर्षे कमी, म्हणून दुकान नावापुरते आईकडे राहिले आणि काम मुलाने ओढले. 1756 मध्ये काही महिने फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत तोफखान्यावर काढून तो परतला आणि पुढच्या वर्षी सारा ऑर्नशी त्याने लग्न केले. सारा 1773 मध्ये वारली. त्याच वर्षी त्याने रेचेल वॉकरशी दुसरे लग्न केले. दोघींची मिळून सोळा मुले झाली. त्याने पुढे जे असंख्य जोडधंदे केले, त्यांचा विचार करताना हे खाणाऱ्या तोंडांचे गणित विसरून चालत नाही.

कस कोण तपासणार?

लंडनमध्ये चांदीचे भांडे विकण्याआधी कारागिरांच्या संघाकडून तपासून घ्यावे लागे. हजारात 925 भाग शुद्ध चांदी भरली, तरच सरकारमान्य ठसा मिळे. बॉस्टनमध्ये अशी कचेरी नव्हती. भांड्यावर असे तो फक्त कारागिराचा ठसा, आणि त्याचा अर्थ एवढाच की खोट निघाली तर या माणसाला गाठा. धंदा सगळा नावावर चाले.

कच्चा माल होता नाणी आणि जुनी मोडकी भांडी. त्यातही सर्वांत जास्त फिरणारे नाणे स्पॅनिश डॉलर, म्हणजे मेक्सिको आणि पेरूच्या टांकसाळींतले आठ रिआलचे नाणे. वजन 27 ग्रॅमच्या किंचित वर. 1728 ते 1772 या काळात त्याचा कस सुमारे 91.7 टक्के होता. 1772 नंतर तो 90.3 टक्क्यांवर आला, आणि स्पेनच्या सरकारने हे गाजावाजा न करता केले. म्हणजे ग्राहकाने आणलेल्या नाण्यांवर कोणते साल आहे, यावरून भांड्याचा कस बदले. मोडीत इंग्लिश चमचे असले तर कस चढे, नुसती नवी नाणी असली तर उतरे. त्यामुळे त्या काळच्या अमेरिकन चांदीला एकच ठरीव कस नाही.

कारागीर तपास दोन रीतींनी करी. पहिली कसोटीच्या दगडाची: चांदी दगडावर घासायची, शेजारी माहीत कसाच्या चांदीची रेघ ओढायची आणि रंग ताडून बघायचा. झटपट अंदाजाला ही रीत चालते, नेमक्या आकड्याला नाही. दुसरी रीत वेळखाऊ, पण खात्रीची. चांदीचा छोटा तुकडा तोलून तो शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत वितळवायचा. हवेने शिशाची राख होते, ती तांब्याला आणि इतर हिणकस धातूंना सोबत घेऊन वाटीत मुरते आणि वर शुद्ध चांदीचा मणी उरतो. तो पुन्हा तोलला की कस कळतो.

शिशाचा उपयोग इथे संपतो. तेच शिसे भांड्याच्या चांदीत शिरले तर घात करते. कथील-शिशाच्या डाखाने (जोड देण्याच्या धातूने) दुरुस्त केलेले जुने भांडे तसेच मुशीत गेले, तर सगळी चांदी ठिसूळ होते आणि हातोडीखाली कडेने फाटत जाते. डाखाचा कण भांड्याला चिकटून राहिला आणि भांडे तापवले, तर त्या जागी धातू खाऊन भोक पडते. म्हणून मोडीतले प्रत्येक भांडे आधी न्याहाळायचे, राखाडी डाख दिसला की खरवडायचा, आणि मगच वितळवायचे.

एक वाडगा कसा उभा राहतो

रिव्हिअरचे सर्वांत प्रसिद्ध भांडे आहे 1768 मधला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ (ब्रिटिश करांना विरोध करणारी संघटना) वाडगा, पंच नावाचे पेय वाटण्यासाठी केलेला. ब्रिटिश संसदेने लादलेल्या करांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधी सभेने इतर वसाहतींना पत्र धाडले होते. राजाच्या सरकारने ते मागे घ्यायला फर्मावले. 30 जून 1768 रोजी सभेने 92 विरुद्ध 17 मतांनी नकार दिला. त्या 92 जणांच्या सन्मानार्थ पंधरा मित्रांनी हा वाडगा करवून घेतला. काठावर त्या पंधरा जणांची नावे कोरलेली आहेत. व्यास सुमारे 11 इंच, उंची साडेपाच इंच, वजन 45 औंस आणि मापाने त्यात 45 जिल (द्रव मोजायचे जुने इंग्रजी माप) पेय मावते, म्हणजे सव्वापाच लिटरांच्या आसपास. 45 हा आकडा मुद्दाम धरलेला आहे: लंडनमध्ये राजाच्या सरकारवर टीका केल्याबद्दल जॉन विल्क्सला ज्या अंकासाठी तुरुंगात टाकले, तो त्याच्या नियतकालिकाचा 45 वा अंक होता.

वजन आणि माप दोन्ही 45 वर जमवणे म्हणजे केवढी करामत, हे हिशेब केला की कळते. सराफी औंस 31.1 ग्रॅमचा, म्हणजे वाडगा 1,400 ग्रॅमचा. स्पॅनिश डॉलरमध्ये बोलायचे तर सुमारे 52 नाणी, आणि कातरण व घट धरून त्याहून बरीच जास्त वितळवावी लागली असणार. पृष्ठभागाच्या हिशेबाने भिंतीची जाडी सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास येते. अकरा इंची वाडगा आणि एक मिलिमीटर भिंत, तीही नुसत्या हातोडीने. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे काम असे चाले:

नाणी मुशीत, वर टाकणखार आणि लाकडी कोळशाची पूड. भात्याने कोळसे फुलवायचे. या कसाची चांदी 900 अंशांच्या सुमारास पाणी होते. कोळशाचे आवरण चांदीसाठी फार महत्त्वाचे आहे, कारण वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू भरपूर शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. मग पृष्ठभागावर फोड येतात, आत पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्या पुढे पत्र्यात पापुद्रे होऊन उघडतात. रस ओतायचा लोखंडी साचा आधी तापवून, आतून चरबी लावून ठेवायचा. थंड साच्यात ओलावा असला तर रस उसळून अंगावर येतो.

साच्यातून निघालेली लगड ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा. चांदी ठोकल्याने कडक होते. तशीच ठोकत राहिलात तर कडा तडकतात. म्हणून थोडे ठोकायचे, मग मंद लाल होईतो तापवायचे, विझवायचे, पुन्हा ठोकायचे. हा लाल रंग उजेडात नीट दिसत नाही, म्हणून भट्टी दुकानाच्या अंधाऱ्या भागात असलेली बरी. रंग नारिंगीकडे गेला की धोक्याची वेळ: आणखी थोड्या आचेने कडा वितळू लागतात. कडेला बारीकशी भेग दिसली तर ती त्याच क्षणी कानशीने घासून काढायची. आज केसाएवढी असलेली भेग पुढच्या चार फेऱ्यांत बोटभर आत जाते.

पत्र्यातून वर्तुळ कापायचे. त्याचा व्यास ढोबळमानाने भांड्याचा व्यास अधिक उंची, म्हणजे या वाडग्यासाठी सोळा-साडेसोळा इंच. मधोमध कंपासच्या टोकाची खूण करायची, आणि ही खूण शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही, कारण पुढचे प्रत्येक वर्तुळ तिच्यावरूनच आखायचे असते. हाताने उभारलेल्या जुन्या भांड्याचा तळ उलटून पाहा, तो बिंदू बहुधा अजून दिसतो.

मग लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यात ठेवून चकतीला उथळ ताटलीचा आकार द्यायचा. खरी उभारणी त्यानंतर. भांडे पोलादी खुंट्यावर पालथे धरायचे आणि तळाकडून काठाकडे वर्तुळावर वर्तुळ ठोकत जायचे. हातोडीचा घाव खुंटा जिथे टेकतो त्याच्या किंचित पुढे, जिथे खाली पोकळी आहे तिथे, बसला पाहिजे. मग धातू दबून आत सरकतो आणि घेर लहान होतो. घाव थेट खुंट्यावर बसला तर धातू फक्त पातळ होतो. काठाशी पोचेपर्यंत पत्र्याला चुण्या पडू लागतात. चुणी उथळ असताना ठोकून जिरवता येते. एकदा ती स्वतःवर दुमडली की तिथे चीर ठरलेली. प्रत्येक फेरीनंतर भांडे तापवून नरम करायचे, आणि अशा कितीतरी फेऱ्या होतात. मध्येच काठावर उभे घाव घालून काठ जाड करायचा, कारण उचलताना, आपटताना सगळा मार काठच खातो.

आकार जमला की मठारकाम. रुंद, आरशासारख्या तोंडाच्या हातोडीने हलके घाव, प्रत्येक घाव आधीच्यावर अर्धा चढलेला. हातोडीच्या तोंडावर केसाएवढा ओरखडा असला तरी प्रत्येक घावागणिक तो भांड्यावर छापला जातो, म्हणून ही हातोडी दुसऱ्या कामाला कोणी वापरायची नाही. पायाचे कडे वेगळे करून चांदीच्या डाखाने जोडतात. डाख म्हणजे चांदीत पितळ मिसळून केलेला, भांड्याच्या आधी वितळणारा मिश्रधातू. त्याच्याही कडक आणि नरम अशा जाती असतात. पहिला जोड कडक डाखाने आणि नंतरचे त्याहून लवकर वितळणाऱ्या डाखाने द्यायचे, आणि जुन्या जोडावर ओली माती लिंपायची. नाहीतर दुसरा जोड देताना पहिला सुटून येतो.

वारंवार तापवल्याने चांदीतल्या तांब्याची हवेशी गाठ पडते आणि पृष्ठभागाखाली जांभळट-करडा डाग बसतो. गरम आम्लाच्या पाण्यात उकळले की वरचा काळा थर जातो आणि भांडे पांढरे फटक दिसते, पण आतला डाग तसाच राहतो. प्यूमिस दगडाच्या पुडीने घासायला लागले की तो ढगासारखा वर येतो. तो पुरता घासून काढायचा तर चांदी झिजते. ठेवायचा तर झिलई डागाळते. एक मिलिमीटरच्या भिंतीत किती घासायचे, हे हातालाच कळावे लागते.

शेवटी कोरीव काम. भांडे वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर ठेवतात आणि वळण घेताना कोरणीपेक्षा भांडेच फिरवतात. कोरणी धातूचा बारीक तंतू उचलून काढते, म्हणजे गेलेली चांदी परत येत नाही. अक्षर चुकले तर तो भाग खरवडून, मागून ठोकून पुन्हा सपाट करावा लागतो, आणि पातळ भांड्यात ते एकदाच जमते. जॉन सिंगल्टन कॉप्लीने याच 1768 साली रिव्हिअरचे चित्र रंगवले. त्यात तो कोटाविना, सदरा-बंडीत बसलेला आहे. हातात कोरीव काम बाकी असलेली चहादाणी, खाली तीच चामडी गादी, टेबलावर कोरण्या. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात हे चित्र आणि हा वाडगा दोन्ही आहेत. वाडगा 1949 मध्ये लोकवर्गणीतून घेतला गेला.

वहीत काय दिसते

1761 ते 1797 या काळातल्या त्याच्या दुकानाच्या दोन वह्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे जपून आहेत. मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची वर्षे कोरी जातात, तरी चांदीच्या पाच हजारांवर वस्तूंच्या नोंदी सापडतात. प्रत्येक नोंदीत हिशेब दोन भागांत: चांदीचे वजन औंस, पेनीवेट आणि ग्रेनमध्ये (20 पेनीवेटांचा औंस, 24 ग्रेनचे पेनीवेट), आणि मजुरी वेगळी. कोरायचे पैसे पुन्हा निराळे. ग्राहकाने जुनी चांदी आणली असेल तर ती वजनाने जमा. मॅसॅच्युसेट्समध्ये स्पॅनिश डॉलर सहा शिलिंगांना चाले, म्हणजे औंसभर चांदी साधारण सात शिलिंगांची. वीस औंसांच्या चहादाणीत सात पौंडांची नुसती चांदीच बसली. आपल्याकडच्या सराफाच्या पावतीवर वजन, भाव आणि घडणावळ वेगवेगळी मांडतात, तीच ही पद्धत.

घट कोण सोसणार, हा नेहमीचा तंटा. कानशीचा कीस, कातरण, फरशीवरची धूळ हे सगळे गोळा करून पुन्हा वितळवले जाई. ज्या दुकानात केर फेकला जातो, ते दुकान चालत नाही.

वह्या वाचताना सगळ्यात लक्षात राहते ती कामाची विविधता. एका टोकाला 1773 मध्ये डॉ. विल्यम पेन यांनी आपल्या वधूसाठी, लोइस ऑर्नसाठी, करवून घेतलेला 45 नगांचा संच आहे. तो आता वुस्टर कला संग्रहालयात आहे. दुसऱ्या टोकाला बकले, बटणे, दुरुस्त्या, कॉप्लीच्या छोट्या चित्रांसाठीच्या चौकटी, आणि 1772 मध्ये कुणाच्या पाळीव खारीसाठी केलेली चांदीची साखळी. इतर कारागिरांसाठीही तो कोरून देई आणि त्यांच्याकडून माल घेई. एका ठशाखालचे सगळे काम एका हाताचे, असे समजू नये. भाऊ थॉमस आणि पुढे मुलगा पॉल हेही त्याच दुकानात शिकले.

ब्रिटिश संसदेने छापील कागदांवर कर लावला, त्या 1765 च्या स्टँप कायद्यानंतर व्यापार मंदावला. लोक चांदी करून घेईनात, तेव्हा त्याने कोरणी तांब्याच्या पत्र्यावर चालवली आणि छापील चित्रे काढली. 1770 मध्ये ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्या बॉस्टन हत्याकांडाचे त्याचे चित्र घरोघर गेले. रचना मात्र हेन्री पेलम या तरुण चित्रकाराची होती, आणि पेलमने त्याबद्दल रिव्हिअरला खरमरीत पत्र लिहिले. ही उचलेगिरी होती, आणि त्याच्या चाहत्यांनीही ती झाकू नये.

त्याच सुमारास दंतवैद्यकही. दात साफ करणे आणि हस्तिदंतासारख्या पदार्थाचा खोटा दात शेजारच्या दातांना तारेने बांधणे, एवढेच तो करी. पूर्ण कवळी त्याने केली नाही, जॉर्ज वॉशिंग्टनची तर नाहीच. पण त्याचा मित्र डॉ. जोसेफ वॉरन 17 जून 1775 रोजी बंकर हिलच्या लढाईत पडला, आणि पुढच्या वसंतात ब्रिटिश शहर सोडून गेल्यावर प्रेत उकरले, तेव्हा ते ओळखले गेले रिव्हिअरने स्वतः बांधलेल्या दातावरून.

युद्धानंतर: पत्रा लाटायचा, ठोकायचा नाही

युद्धकाळात त्याने नोटांचे ठसे कोरले, दारूगोळ्याचा कारखाना उभारायला मदत केली आणि तोफखान्यात नोकरी केली. 1779 ची ब्रिटिशांविरुद्धची पेनॉबस्कॉटची मोहीम फसली, त्यात त्याच्यावर आरोप झाले. त्याने स्वतः मागणी लावून धरून 1782 मध्ये लष्करी न्यायालयाकडून निर्दोष असल्याचा निकाल मिळवला.

दुकान पुन्हा नीट सुरू झाल्यावर त्याने 1785 च्या सुमारास पत्रा लाटायचे यंत्र आणले. दोन पोलादी रुळांमधून लगड पुन्हा पुन्हा काढली की सारख्या जाडीचा पत्रा मिळतो. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीला इथेच वळण लागले. युद्धाआधीच्या त्याच्या चहादाण्या पेरूसारख्या किंवा नासपतीसारख्या गोलाईच्या, चकतीतून ठोकून उभारलेल्या. नंतरच्या पाहा: लंबगोल, सरळ उभ्या भिंतींच्या, बहुतेकदा उभ्या पन्हळी असलेल्या. मिनियापोलिस कला संग्रहालयातला टेंपलमन कुटुंबाचा 1792-93 चा चहाचा संच याचा उत्तम नमुना आहे.

अशी चहादाणी करायची रीत अगदी वेगळी. पत्रा कात्रीने मापात कापायचा, पन्हळी पाडायच्या, लंबगोल वळवायचा आणि एकच उभा जोड द्यायचा. हा जोड मुठीच्या बाजूला ठेवतात म्हणजे लपतो. खाली सपाट तळ, पुढे पत्र्याचीच सरळ नळीची चोच. पन्हळी दिसायला देखण्या आहेतच, शिवाय पातळ पत्र्याला त्या ताठपणा देतात. मूठ लाकडी, कारण सर्व धातूंत चांदी उष्णता सर्वांत झपाट्याने वाहते आणि चांदीची मूठ हाताला चटका देते. कित्येक दिवसांचे ठोकणे वाचले, चांदी कमी लागली, मजुरी उतरली. मध्यम ऐपतीचे गिऱ्हाईक आत येऊ लागले. चमच्यांचा खप तर वाढतच गेला.

यंत्रावर पत्रा लाटणारा माणूस चांदीपुरता थांबेल कशाला? 1788 मध्ये त्याने नॉर्थ एंडमध्ये लोखंड आणि पितळेची ओतशाळा काढली. 1792 पासून चर्चच्या घंटा ओतू लागला. घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथील कमी पडले तर आवाज बोदा येतो, वाढले तर घंटा टोल्याने फुटते. त्याने आणि त्याच्या वारसांनी शेकड्यांनी घंटा ओतल्या. किंग्ज चॅपलची 1816 मधली घंटा 2,437 पौंडांची, म्हणजे सुमारे 1,100 किलोची, त्यांतली सर्वांत मोठी.

मग तांबे. लाकडी जहाजाच्या तळाला समुद्रातले किडे पोखरतात, म्हणून त्यावर तांब्याचा पत्रा ठोकतात. तांब्याजवळ लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात, म्हणून खिळे-बोल्टही तांब्याचे लागतात. हे सगळे इंग्लंडहून येई. ज्या देशाशी उद्या लढाई होईल, त्याच्याकडून आपल्या आरमाराचा तळ विकत घ्यायचा, हा पेच होता. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेला रिव्हिअरने बोल्ट आणि खिळे पुरवले. 1801 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या-सहासष्टाव्या वर्षी, त्याने बॉस्टनजवळच्या कँटनला पाण्यावर चालणारी तांबे लाटण्याची गिरणी उभारली. स्वतःचे 25,000 डॉलर घातले, सरकारकडून 10,000 डॉलर कर्जाऊ आणि 19,000 पौंड तांबे घेतले. गिरणी बुडाली असती तर म्हातारपणी सगळे घर रस्त्यावर आले असते. ती चालली. 1802 मध्ये बॉस्टनच्या स्टेट हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, घुमटावर तिथला पत्रा चढला. सोन्याचा मुलामा पहिल्यांदा चढला तो 1874 मध्ये. 1803 मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या तळालाही रिव्हिअरचाच पत्रा लागला. 10 मे 1818 रोजी तो वारला. गिरणी मुलगा जोसेफ वॉरन रिव्हिअर चालवत होता. मित्राचे नाव त्याने मुलाला दिले होते.

खरे भांडे कसे ओळखतात

रिव्हिअरच्या नावाला एवढा भाव आहे की खोटे ठसे फार. त्याचा मोठा ठसा चौकटीत आडनाव, आधी एक ठिपका. चमच्यांसारख्या छोट्या वस्तूंवर नुसती आद्याक्षरे. वडिलांचेही नाव तेच, म्हणून बाप-लेकांची भांडी एकमेकांच्या नावावर खपलेली आहेत. काळ आणि घाट पाहूनच निवाडा होतो.

ठसा हातोडीने मारलेला असतो, त्यामुळे कडा तीक्ष्ण आणि मागच्या बाजूला किंचित दाब दिसतो. अस्सल चमच्याचा साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरे बोथट, खळग्यांत बारीक छिद्रे, आणि सहाही चमच्यांवर ठसा तंतोतंत एकाच जागी, एकाच तिरपेपणाने. हाताने मारलेले सहा ठसे कधी असे बसत नाहीत. जुन्या, बिनठशाच्या भांड्यावर नंतर ठसा मारला असेल, तर भोवतालची झीज आणि ठशाची झीज जुळत नाही: तळ शंभर वर्षे टेबलावर घासलेला आणि अक्षरे मात्र कालची. कधी दुसऱ्या भांड्यातून कापलेला ठशाचा तुकडा डाखाने बसवलेला असतो. तोंडाची वाफ तळावर सोडली की जोडाची रेघ क्षणभर उठून दिसते, कारण डाखाचा रंग चांदीशी पूर्ण जुळत नाही. काठावर कोरलेली नावे खरवडून नवी घातली असतील, तर त्या जागी भिंत पातळ लागते. अंगठा आणि तर्जनीत धरून काठावरून हळूहळू फिरवले की बोटांना ती लागते.